टीव्हीतलं लेकरू

शेगडीवरून दोघी जावांची सकाळपासून जुंपली होती.

"निखारे फुलवून ठेव म्हणते ना तुले!" तुळजाबाई उंबऱ्यात बसून ओरडली.

"थंडीसाठी ठेवते शेगडी, आक्का. पन वार तिच्यावर नाई ठेवणार. आताच सांगते."

"आन् लेकरू नाई रडलं तं? तं काय करशीन? टीव्ही लावशीन?"

घाव बरोबर बसला होता. बयनाबाईनं चुलीवरच्या गंजातल्या पाण्यात ब्लेड आणि दोरा उकळायला टाकला.

पूस महिना होता. बोरीखुटा गावातलं जे हलतं माणूस होतं ते सारं कापूस वेचायला गेलं होतं. बयनाबाईच्या घरात कापसाचा ढीग आढ्याला टेकत होता, आणि ढिगाच्या अलीकडे गोधडीवर तिची एकुलती एक लेक रुख्मिणी कळा देत होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. गावात सुईणी दोनच. एक तुळजाबाई, जिचे गुडघे गेले तरी हुकूम शाबूत होता, आणि दुसरी तिच्या हाताखाली शिकलेली बयनाबाई. म्हणजे लेकीची सुईण आईच.

आता हे शेगडीचं काय ते सांगायला पाहिजे. लेकरू न रडता जन्मलं तर नाळ कापायची नाही, लेकरामागून वार पडायची वाट पाहायची, आणि ती निखाऱ्यावर शेकायची. वारेतली ऊब नाळेतून लेकरात जाते आणि लेकरू उठतं, अशी तुळजाबाईची विद्या. तिच्या हातानं तशी तीन लेकरं उठली होती. न उठलेली तिनं कधी मोजली नाहीत.

आणि टीव्हीचं म्हणाल, तर ते आषाढातलं. सरकारी दवाखान्यानं आजूबाजूच्या गावच्या वीसेक सुईणींना बोलावलं होतं. जीपमधून एक साहेब टीव्ही आणि व्हिडिओची पेटी घेऊन आला. खिडक्यांना चादरी लावल्या, अंधार केला. गाव मराठी, पण सरकार तेलुगू, म्हणून पिक्चर तेलुगूत. समजावून सांगणारी विनोदिनी सिस्टर मराठी घरची, पण ती बाहेर लसीच्या रांगेत अडकली होती. बयनाबाईची तेलुगू बाजारापुरती. मिरचीचा भाव विचारण्याइतकी. पण डोळे आहेत तर जिभेचं काय काम, असं म्हणून ती पुढे सरकून बसली.

टीव्हीत एक पांढऱ्या कपड्यातली नर्स होती. टेबलावर लेकरू. डोळे सताड उघडे, तोंड उघडं, हालचाल काही नाही. नर्सनं बोटाला फडकं गुंडाळून त्याचं तोंड साफ केलं, अंग पुसलं, पाठ चोळली, तळव्याला टिचक्या मारल्या. मग हनुवटी जराशी वर केली, त्याच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि नुसत्या गालातली हवा हळूच फुंकली. लेकराची छाती वर आली. पुन्हा फुंकली, पुन्हा वर आली. पाहता पाहता बयनाबाईचेही गाल फुगत होते. आता रडेल, मग रडेल, म्हणून तिनं पदराची गाठ घट्ट धरली होती. लेकरू काही रडलं नाही. नर्स फुंकत राहिली, मध्येमध्ये बोलत राहिली आणि पिक्चर संपला.

"मेलं," शेजारची बाई कानात म्हणाली. "त्याची माय बी दाखवली नाई. बाळंतपनातच गेली असन."

साहेबानं सगळ्यांना साबण, ब्लेड, दोरा वाटला. तो हसत होता. मेलेल्या लेकराबद्दल विचारायची कोणाची छाती झाली नाही.

घरी आल्यावर बयनाबाई अंगणातच थांबली. लेकरू हाती लागलं नाही तर सुईणीनं अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात यायचं नाही, ही रीत. तिनं नवऱ्याला हाक मारली, "लिंबाचा पाला टाकून पानी द्या मले."

नागोराव बाहेर आला. "कोनाचं गेलं वं?"

"टीव्हीतलं."

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि शहाणा माणूस, काही न बोलता पाणी तापायला ठेवलं.

त्या दिवसापासून बयनाबाईच्या मनात भीती बसली. भाकरी थापताना ते उघडे डोळे परातीत दिसायचे. भादव्यात शेजारच्या चंपाबाईला मुलगा झाला, तो मुकाच. बयनाबाईनं तोंड साफ केलं, पाठ चोळली, टिचक्या मारल्या. मग फुंकायला तोंड खाली नेलं आणि टीव्हीतलं लेकरू डोळ्यांपुढे आलं. एवढी शिकलेली नर्स, पाठीशी सरकार, तिला उठवता आलं नाही तर आपण कोण? तिनं तोंड मागे घेतलं. तुळजाबाईनं वार निखाऱ्यावर ठेवली. घरभर वास सुटला, पण पोर उठलं नाही. चंपाच्या नवऱ्यानं, खुशालनं, त्याला ओढ्याच्या काठाला मातीत ठेवलं. बयनाबाईला कोणी बोल लावला नाही. पण वार शेकूनही लेकरू मरतं हे तिनं तेव्हा पाहिलं, आणि तिच्याजवळ भरवशाचं काहीच उरलं नाही.

पुसातल्या त्या दिवशी दुपार कलायला लागली तशी रुख्मिणी सुटली. मुलगी झाली. निळसर, हातात कापडासारखी लोंबणारी.

चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं.

बयनाबाईनं फडक्यानं तोंड साफ केलं, अंग पुसलं, पाठ चोळली. तळव्याला टिचकी मारली, दुसरी मारली. काही नाही.

"माय वं," रुख्मिणी मान उचलून म्हणाली, "रडून काऊन नाई राह्यलं?"

"रडते. तू पडून राय."

"वार पडली काय?" उंबऱ्यातून तुळजाबाई.

"नाई पडली."

"मंग वाट पाय! नाळ कापू नको! शेगडी इकडं सरकव!"

शेगडी जवळ होती. निखारे लाल होते. पण त्यांच्यावर ठेवायला हातात काही नव्हतं, आणि वार पडेपर्यंत या पोरीत राहिलंच काय असतं? टीव्हीतलं मेलं होतं. चंपाचं मेलं होतं. ही तिची नात होती. भीतीनं तिचे कान गच्च झाले. पण त्या भीतीत एक गोष्ट तिला आठवली, की नर्सनं फुंकलं तेव्हा छाती वर आली होती. मेलं खरं, पण छाती वर आली होती.

तिनं हनुवटी जराशी वर केली आणि तोंड खाली नेलं.

"मेलेल्याच्या तोंडाले तोंड लावते! अवं, माय हायेस का कोन?" तुळजाबाई किंचाळली.

पहिली फुंकर वाया गेली. ओठ इतके कापत होते की हवा बाजूनं निसटली. दुसरीला तिनं ओठ घट्ट टेकवले, गालातलीच हवा सोडली. बोटभर छाती वर आली आणि खाली बसली. पुन्हा. पुन्हा. तिनं पोरीच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही, उघडे असतील या धास्तीनं. पाच झाल्या. सहा, सात. आठवीला तिच्या ओठाखाली काहीतरी हललं. पोरीनं उचकी दिली, थांबली, अजून एक दिली, आणि मांजरीच्या पिल्लासारखा आवाज काढून रडायला लागली.

बयनाबाईनं पोरीला फडक्यात गुंडाळलं. रुख्मिणी हसत होती आणि रडतही होती. तुळजाबाईनं डोळ्यांना पदर लावला, नाक शिंकरलं आणि म्हणाली, "वार तं अजून पडलीच नाई."

तिसऱ्या दिवशी विनोदिनी सिस्टर फेरीवर आली. ओसरी बायकांनी भरली होती, चंपाबाईही शेतातून तशीच, ओटीतल्या कापसासकट, पोरगी पाहायला आली होती. सिस्टरनं पोरगी तपासली, वजन केलं आणि बयनाबाईच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! पिक्चर पाहून शिकलात की नाही?"

बयनाबाई म्हणाली, "सिस्टर, एक इचारू काय? मी अडानी, मले जमलं. मंग टीव्हीतल्या बाईले काऊन नाई जमलं? तिचं लेकरू काऊन मेलं?"

"कोणतं लेकरू?"

"थेच. टेबलावरचं."

सिस्टर हसायलाच लागली. "अहो, ती रबराची बाहुली होती! शिकवायला करतात तशी. साहेबांनी सुरुवातीलाच तेलुगूत सांगितलं होतं. बाहुली कशी रडणार?"

ओसरी खदखदून हसली. "रबराच्या बाहुलीसाठी आंग धुतलं वं तू!" तुळजाबाईला हसता हसता ठसका लागला. बयनाबाईही हसली. सहा महिने छातीवर बसलेलं ओझं असं हवेचं निघालं होतं.

तेवढ्यात चंपाबाई दिसली. ती हसत नव्हती. ओटीतला कापूस तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"काकू," ती म्हणाली, "मंग माह्या लेकराच्या तोंडात काऊन नाई फुकलं?"

ओसरीतलं हसू विझलं. बयनाबाईला पुष्कळ काही सांगता आलं असतं. पिक्चर तेलुगूत होता, सिस्टर बाहेर होती, साहेब हसत होता. ते सारं खरंही होतं.

"भेली मी," ती म्हणाली. "मले वाटलं फुकूनबी मरतेच. तुह्या लेकराच्या तोंडापाशी गेली आन् मांगं आली. भेली मी, चंपा."

चंपाबाई उठली आणि कापूस सावरत निघून गेली. बारशाला ती जेवायलाही आली नाही.

पुढच्या फेरीला सिस्टरनं पिशवीतून बाहुली आणली. बयनाबाईनंच निरोप धाडला होता, की मले ते हातात घेऊन पाहाचं हाय. ओसरीत टेकवलेल्या बाहुलीचे डोळे तसेच सताड उघडे होते, तोंड तसंच उघडं. बयनाबाईला अजूनही हात लावायचा धीर होईना.

कवाडात चंपाबाई येऊन उभी राहिली. कोणी बोलावलं नव्हतं. ती आत आली, बाहुलीजवळ बसली आणि तिला उचलून मांडीवर घेतलं. रबराच्या टाळूवरून तिनं एकदा हात फिरवला. मग बाहुली बयनाबाईपुढे धरली.

"फुका," ती म्हणाली. "कसं फुकतेत थे मले दाखवा. मले पुन्हा दिवस गेले हायेत."

बयनाबाईनं ओठ पुसले, हनुवटी जराशी वर केली आणि फुंकलं.