टॉवेलाखालचा भाव

अस्मिताने आजवर शिलाई मशिनं मोजली होती, जीन्सचे तागे मोजले होते. म्हशींना भाव लावायची पाळी चामटोलीत पहिल्यांदाच आली. उल्हासनगरच्या ऑफिसातून निघताना तिच्या सीएसाहेबांनी बजावलं होतं, "जितं जनावर आजच्या बाजारभावाने धरायचं, त्यातून टेम्पो आणि दलाली वजा." खुर्चीत बसून सांगायला काय जातं!

जनीकाकी आणि तिचा पुतण्या कमलेश यांचा सामायिक गोठा वेगळा होत होता. दुभत्या म्हशींचे भाव हरिचंद्र दलालाने पटापट सांगितले. घोडं अडलं ते चंद्रीपाशी. चंद्री म्हातारी, आटलेली. तरी वजनावर तिला गिऱ्हाईक होतं. कसलं, ते कुणी बोललं नाही. काकीने चंद्रीला ठेवलं तर तिची किंमत काकीच्या हिश्शात धरली जाणार आणि त्यापायी काकीच्या वाट्याची गाभण पारडी कमलेशकडे जाणार, नाही ठेवलं तर चंद्री टेम्पोत.

"पारडी गेली तर खाऊ काय?" काकी म्हणाली. "आन् हिला तरी कशी देऊ? हिची आय मेली तवा बाटलीनं दूध पाजलंय मी."

अस्मिताचा जीव तुटला, पण रकाना रिकामा कसा सोडणार? "काका, आकडा सांगा ना."

हरिचंद्राने खांद्यावरचा टॉवेल काढला. सौदा अडला की टॉवेलाखाली बोटं धरून भाव करायचा, आकडा तोंडाने उच्चारायचा नाही, ही त्याची जुनी रीत. काकीचा हात टॉवेलाखाली गेला आणि तिथेच थिजला.

"बाय मूठच उघडीत नाय," हरिचंद्र म्हणाला. "भाव करू कसा?"

"सरका काका, मी करतो," कमलेश पुढे झाला.

अस्मिताला त्याचा रागच आला. कानात ब्लूटूथ खुपसून फिरणाऱ्या ह्याला म्हातारीचं काय पडलंय! बराच वेळ टॉवेल हलला नाही. मग काकी मोकळ्या हाताने, पदराने डोळे पुसू लागली.

"झाला भाव," कमलेश म्हणाला.

"किती लिहू?"

"आकडा हरिचंद्रकाकांना विचारा आणि माझ्या हिश्शातून कापा, मॅडम. चंद्री काकीकडेच राहील. पारडी पण."

साहेबांना काय सांगायचं ते अस्मिता नंतर बघणार होती. तिने मान खाली घालून लिहायला घेतलं, कारण तिचेही डोळे भरले होते.

टॉवेल घसरून पडला. काकीची मूठ उघडली होती, पण आता तिच्यात कमलेशचा अख्खा पंजा होता.

"सोड आता काकी," तो हळूच म्हणाला. "धारा काढायच्यात."

काकी सोडेना.