हॅचेट तळ्यातला परका मासा

मित्रांनो, मी एक जुना बास मासा आहे. पाण्यातला नव्हे, भिंतीवरचा. अमेरिकेतल्या मेन राज्यात हॅचेट तळ्याच्या काठी मर्ल थिबोडोचं दुकान आहे. तिथे गांडुळं, कॉफी आणि बोटीचं पेट्रोल मिळतं. गल्ल्याच्या वर एका लाकडी फळीवर मला ठोकलं आहे. माझ्या पोटात भुसा आहे आणि एक डोळा दुसऱ्याहून मोठा आहे, कारण काचेचे डोळे बसवताना मर्लने चष्मा घातला नव्हता. पण नजर माझी अजून चौकस आहे. हयातभर मला एकच खोड होती, दिसेल त्या गोष्टीत तोंड घालायची.

माझा जन्म या तळ्यातला नाही. डोंगरापलीकडच्या मोठ्या सरोवरात, आमच्याच जातीच्या गर्दीत मी वाढलो. एका सकाळी मर्लने मला गळाला लावलं आणि लोणच्याच्या रिकाम्या बादलीत टाकलं. तिथे माझे काही भाऊबंद आधीच दाटीवाटीने बसले होते. बादली गाडीत हिंदकळू लागली. मर्ल गाडी हाकता हाकता आमच्याशी बोलत होता.

"उन्हाळ्यात आमच्या तळ्यातले ट्राउट मासे जातात तळाशी, गारव्याला. आणि माझी नातवंडं बसतात काठावर माशा मारत. तुम्ही जरा करमवा पोरांना. एवढ्याशा माशांनी तळ्याचं काय वाकडं होणार आहे?"

हॅचेटचं पाणी नितळ आणि गार होतं. अंगावर लाल-निळे ठिपके असलेले ट्राउट तिथले मूळचे रहिवासी. त्यांनी माझ्यासारखं कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची पिल्लं तर मला बघायला अगदी जवळ यायची. मलाही त्यांचं कुतूहल वाटलं. मी एकाला चाखून पाहिलं. मग दुसऱ्याला. भूक लागली की मासा काय करणार?

या तळ्यावरची एक रीत मात्र मला उमगत नव्हती. माणसं पहाटे उठून कुडकुडत मासा धरत आणि धरला की लगेच सोडून देत. या रीतीत सगळ्यांत कडक होती आर्डिथ पेल्की. तिच्या वडिलांची लाकडी खोली काठावरच होती आणि ती लहानपणापासून तिथे येत होती. माशाला शिवण्याआधी ती हात पाण्यात बुडवायची, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जाऊ नये. तरुणपणापासून तिने एकही मासा मारला नव्हता.

मी तिच्या गळाला लागलो, तेव्हा तिने मला दोन्ही बाजूंनी निरखलं.

"अगंबाई! तू कुठला रे पाहुणा?" ती म्हणाली आणि तिने मूठ उघडली.

मी बराच वेळ तिच्या बोटीखाली थांबलो. सोडायचंच होतं, तर ओढलं कशाला? हे कोडं सोडवायला पुढच्या वर्षी मी तिचा गळ पुन्हा तोंडात घेतला. तिने पुन्हा सोडलं. त्या दिवशी बोट बांधताना ती मर्लला म्हणाली, "लाल डोळ्यांचा तो दांडगट आज परत लागला. आपल्या तळ्यात असला मासा बापजन्मी पाहिला नव्हता."

"बदक घेऊन आलं असेल," मर्ल कॉफीच्या पेल्यात बघत म्हणाला.

"बदक? एवढा धटिंगण मासा? त्या बदकाला माझ्याकडे पाठव रे, सरपण वाहायला उपयोगी पडेल."

"मग मारलास का त्याला?"

"मी? डोकं फिरलंय का तुझं?"

आमची पिल्लावळ वाढत गेली. मर्लची नातवंडं धक्क्यावर उभी राहून किंचाळत मासे ओढू लागली. पाहुणे आमच्या उड्यांचं कौतुक करू लागले. ट्राउट मात्र नुसते म्हातारे होत गेले. त्यांच्यात लहान कुणी दिसेना. एका वसंतात बर्फ वितळल्यावर आर्डिथ सकाळपासून बोटीत बसली. एकही ट्राउट लागला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी लागलो मी, आणि घाबरून बोटीच्या फळीवर पोटातलं ओकलो. ट्राउटचं बोटभर पिल्लू होतं. अंगावरचे ठिपके अजून ओळखू येत होते.

आर्डिथ त्या पिल्लाकडे बघत राहिली. माझ्याकडेही बघत राहिली. आणि तिचा हात, जन्माच्या सवयीने, पाण्यात गेला आणि उघडला. मी सुटलो. वर तिचा आवाज ऐकू आला, "अरे देवा! हे काय केलं मी?"

मग मत्स्यखात्यातली एक बाई आली. तिने सांगितलं, की पाण्यात विष घातलं तर उरलेसुरले ट्राउटही मरतील. एकच उपाय आहे. जून महिन्यात बास जातीचा नर अंड्यांवर पहारा देतो, तेव्हा तो जागचा हलत नाही. तेव्हाच त्याला उचलायचं, म्हणजे राखण गेलेली अंडी आणि पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. ती गेल्यावर मर्ल धक्क्यावर आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला.

"आर्डिथ, ते बदक म्हणजे मीच."

"बदकाला बादली उचलत नाही, मर्ल. मला कधीच कळलं होतं." ती म्हणाली. "तू एकदा सोडलास. मी किती वेळा सोडला? आता नाक मुठीत धरून उभा राहू नकोस. जूनमध्ये वल्ही तू मार."

आमच्यात आई अंडी घालून निघून जाते आणि बाप राखण करतो. मी शेपटीने वाळू झाडून घर केलं होतं. पिल्लं नुकतीच वर उठली होती, मोहरीच्या दाण्यांसारखी काळी, आणि माझ्याभोवती तरंगत होती. त्या वेळी मला कसलंही कुतूहल उरलं नव्हतं. बोटीची सावली पडली. एरवी मी पळालो असतो. पिल्लांमध्ये काहीतरी पडलं, म्हणून ते दूर न्यायला मी तोंडात धरलं. तो गळ होता.

आर्डिथने मला वर घेतलं आणि खाली वाकून पाहिलं.

"मर्ल, याची पिल्लं आहेत रे खाली."

"दे इकडे. मी मारतो. तू तिकडे तोंड कर."

"नाही. मीच."

या वेळी तिचा हात उघडला नाही.

मारलं तर खायचं, ही तिच्या वडिलांची शिकवण. तिने माझं मांस मक्याच्या पिठात घोळवून तळलं. पहिला घास घेऊन बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, "चवीला वाईट नाही मेला." कातडं मर्लने मागून घेतलं. तेव्हापासून दर जूनमध्ये ती दोघं बोट काढतात. आमचा वंश अजून संपलेला नाही. गेल्या वसंतात मात्र तिला एक छोटा ट्राउट लागला. तिने तो पाण्याबाहेर काढलाच नाही, पाण्यातच गळ सोडवला.

मित्रांनो, मी दुष्ट नव्हतो. मला कुणीतरी भलत्याच घरात नेऊन ठेवलं होतं. तुमच्या काचेच्या पेटीतला मासा नकोसा झाला, तर कृपा करून त्याला ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. त्यात तुम्हाला दया दिसते, पण तिची किंमत दुसरंच कुणी भरतं.

उन्हाळ्यात दुकानात पाहुण्यांची मुलं येतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. परवाच एका मुलीने आर्डिथला विचारलं, "आजी, केवढा आहे हा! खूप झुंजला असेल ना?"

असल्या प्रश्नाला इथे सगळे फुगवून उत्तर देतात. आर्डिथने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "पिल्लांपाशी उभा होता, म्हणून सापडला."