सुपारीएवढी जागा

या, जरा पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलेल्या त्या आबांनाही हाक मारा, त्यांना ऐकू कमी येतं. मृदंगवाला अजून पुडीला लावायची कणीक मळतोय, पेटीवरचा कपडा निघालेला नाही. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही. माझ्या शेजारी उभा राहून वीस वर्षं टाळ वाजवलेल्या बद्रीनाथची आहे, त्याच्या बायकोची, म्हणजे आवडावहिनीची आहे, आणि सातारा परिसरातल्या एका बैठ्या घराची. बद्रीनाथ आता या गावात राहत नाही, म्हणूनच सांगतोय.

बद्रीनाथ कंपनीत फिटर होता. लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं नवरा-बायको छावणीच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहिले. सहा खोल्या बदलल्या. कुठं मालकीण भिंतीला खिळा ठोकू द्यायची नाही, कुठं पाहुणा दोन दिवसांच्या वर चालायचा नाही. वहिनी कुरकुर करायची नाही. तिला सल एकच होता, आणि तो तिनं माझ्या बायकोला, सत्यभामेला, बोलून दाखवला होता.

भाड्याच्या घराची वास्तुशांत आपण करत नसतो. ती मालकानं करायची. आणि वहिनीच्या हातची पुरणपोळी अशी, की कुणाचीही वास्तू असो, पोळ्या लाटायला तिला बोलावणं ठरलेलं. बाहेर होमापुढं पाटावर जोडी बसलेली असायची, आणि ही स्वयंपाकघराच्या दारातून पिठाच्या हातांनी बघायची. सत्यभामेला म्हणाली होती, "मला दागिना नको, तीर्थयात्रा नको. आपल्या घरात एकदा ह्यांच्या शेजारी पाटावर बसायचंय. उपरण्याला पदर बांधून. मग बाकीचं कायबी होऊ दे."

बद्रीनाथ निवृत्त झाला, पुण्यात नोकरीला असलेल्या शिवराजनं, म्हणजे मुलानं, हातभार लावला आणि घर घेतलं. नवं नव्हे, कुणीतरी आठ वर्षं राहून सोडलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं तुळशीपुरती जागा. स्लॅब गळत होता, भिंतींना ओल होती, न्हाणीघराच्या फरश्या निघाल्या होत्या. कडूबा मिस्त्रीला काम दिलं. वहिनी रोज दुपारी रिक्षानं जाऊन त्याच्या डोक्यावर उभी राहायची.

"बाई, ओटा सगळीकडं तेहतीस इंचाचाच ऱ्हातो," कडूबा म्हणाला.

"सगळीकडं मी ऱ्हाते का? मी बुटकी. माझ्या मापानं कर."

"सूनबाई उंच हाय तुमची. तिला वाकावं लागंल."

"वाकू दे की. सासूपुढं न्हाई वाकत, ओट्यापुढं तरी वाकंल."

कडूबा थापी खाली ठेवून हसला आणि ओटा एकोणतीस इंचांचा केला.

फाल्गुनात तिचं पोट दुखायला लागलं. उन्हाचं असेल म्हणून तिनं आठ-पंधरा दिवस अंगावर काढलं. चैत्रात पोटाला सूज आली आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बद्रीनाथला बाजूला घेतलं. बाहेर चहाच्या गाड्यावर तो मला म्हणाला, "किती दिवस ते सांगत न्हाईत. पण आवाज लई मऊ केला होता त्यांनी, गोकुळ."

चहा तसाच निवला. मग म्हणाला, "तिला आता त्या जुन्या खोलीत न्यायचं न्हाई. दोन जिने कोण चढवणार? घरी नेतो. आपल्या घरी."

पण वास्तुशांत झालेली नव्हती. वैजनाथगुरुजींनी पंचांग बघितलं. येत्या गुरुवारी मुहूर्त होता, त्यानंतर पावणेदोन महिने एकही नाही. आणि डॉक्टर तर तीन आठवडे तिला हलवायचं नाही म्हणत होते.

"सोय आहे," गुरुजी म्हणाले. "यजमानीण आजारी असेल तर यजमानानं कमरेला सुपारी लावून बसायचं. ती सुपारी म्हणजे पत्नी. पण बद्रीनाथराव, तिला विचारून घ्या. हे न विचारता करायचं काम नाही."

बद्रीनाथनं माझ्याकडं बघितलं. आता ऐका, यातलं माझं ते मी लपवत नाही. चाळीस वर्षं कीर्तनं ऐकलेला माणूस मी, धर्मातलं आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात असं वाटायचं. मी म्हणालो, "कशाला विचारतो? तिच्याच भल्यासाठी करायलास. शांत झालेल्या घरात गेली तर गुण येईल. उगं तिच्या जिवाला घोर."

आमच्या जातीगोतात कमरेला सुपारी दिसते ती बायको गेलेल्या बापाच्या, पोरीच्या लग्नात. कन्यादानाला. दुसरीकडं कुठं मी ती बघितलेली नव्हती. हे मला ठाऊक असून मी तसं बोललो.

गुरुवारी वास्तू झाली. माणसं बोलावली नव्हती. शिवराज आणि सून मोनिका पुण्याहून आले होते, गल्लीतले चार शेजारी, मी. गुरुजींनी लाल कापडात गुंडाळलेली सुपारी बद्रीनाथच्या सोवळ्याच्या निऱ्यांत खोचली. शेजारचा अर्धा पाट मोकळा होता. होम झाला. स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेऊन ठेवला होता, त्यात वास्तुपुरुष ठेवला आणि कडूबानं वरून फरशी बसवली. बद्रीनाथ सगळा वेळ खाली मान घालून होता. धूर डोळ्यांत जातोय म्हणून सारखा डोळे पुसत होता.

सकाळपासून दवाखान्यात वहिनीजवळ सत्यभामा बसली होती. तिला सोडवायला मी आरती होताच रिक्षात बसलो आणि रुमालानं कपाळ पुसून टाकलं. सत्यभामा घरी गेली. मी स्टुलावर बसलो. वहिनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून काहीतरी बघत होती.

"कुठून आलात, भाऊजी?"

"घराकडून. स्लॅबचं काम चालू हाय. बद्रीनाथ तिथंच थांबलाय."

"कपाळ नीट पुसलं न्हाई तुम्ही. भुवईपाशी कुंकू ऱ्हायलंय."

माझा हात आपोआप वर गेला. तिनं मोबाइल माझ्याकडं फिरवला. मोनिकेला कुणी बजावलंच नव्हतं. बिचारीनं कौतुकानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. होमाचा धूर, गुरुजींची पाठ, आणि पाटावर एकटा बद्रीनाथ. वहिनीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"हे कमरेला काय फुगलंय त्यांच्या?"

"तंबाखूची डबी असंल."

"होमाला बसताना?"

मी स्टूल जरा मागं सारलं.

"सुपारी हाय, व्हय ना?"

मी मान हलवली. तिनं फोटोतल्या मोकळ्या अर्ध्या पाटावर बोट ठेवलं.

"म्हणजे मी होते म्हणायची तिथं," ती म्हणाली. "सुपारीएवढी." आणि हसली. हसताना पोटात कळ आली तशी तिनं खाटेचा दांडा घट्ट धरला.

"वहिनी, चूक माझी हाय. मीच म्हणलं, विचारू नको."

"विचारलं असतं तर मी हो म्हणले असते. कशाला नाय म्हणू? माझं काय चाललंय ते मला कळतंय की, भाऊजी. पण हो म्हणायला तरी मला ठेवायचं होतं."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो फोटो गेला. कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. संदेश हटवल्याची ओळ तेवढी राहिली. वहिनीनं ती वाचली आणि मोबाइल उशीखाली सारला.

"त्यांना सांगू नका मला कळलं म्हणून. लई जपून करायलेत ते. शपथ घ्या."

मी गळ्याला हात लावला.

संध्याकाळी बद्रीनाथ आला. सोवळं बदलून रोजची पँट घातली होती, आणि गुडघ्यांना मुद्दाम सिमेंट फासलं होतं. त्या दिवशी तिथं सिमेंटचं काम एका फरशीपुरतंच झालं होतं.

"कुठवर आलं काम?" वहिनीनं विचारलं.

"स्लॅब उरकला. वास्तू तू आल्यावर. तुझ्याशिवाय पाटावर कोण बसतंय?"

"बरं," ती म्हणाली. "मुसंबी सोला. दोघं खा."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

साडेतीन आठवड्यांनी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. बरं झालं म्हणून नव्हे. आदल्या दिवशी बद्रीनाथनं मला घराकडं बोलावलं. बादली, घासणी, साबण सगळं मांडून बसला होता. दारावरचं वाळलेलं तोरण त्यानं आधीच काढलं होतं. आम्ही दोघांनी चौकटीवरचं स्वस्तिक पुसलं. उंबऱ्याची हळद घासली. हळद लवकर निघत नाही, लाकडाच्या रेषांत शिरते. होमाच्या जागी फरशी काळवंडली होती ती लिंबानं घासली. लोक नव्या घरात शुभचिन्हं काढतात. तो माझा मित्र गुडघ्यांवर बसून ती एकेक पुसत होता, बायकोला तिची वाट बघितल्यासारखं वाटावं म्हणून. उठवलं तेव्हा त्याचे पाय सरळ होईनात.

कोपऱ्यातली फरशी मात्र निघण्यासारखी नव्हती. भोवतीचं पांढरं सिमेंट नवंकोरं दिसत होतं.

"विचारलं तर गॅसच्या नळीसाठी खोदलं होतं म्हणू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोघा पोरांनी वहिनीला खुर्चीत बसवून गाडीतून उतरवलं. दाराशी ती म्हणाली, "खाली ठेवा. मी जाते." बद्रीनाथनं एक हात धरला, सत्यभामेनं दुसरा. उंबऱ्याशी ती थांबली आणि वाकून बघितलं.

"लई स्वच्छ धुतलंय."

"मग? तू येणार म्हणल्यावर," बद्रीनाथ म्हणाला.

चार पावलं टाकली आणि दम लागला. स्वयंपाकघर बघायचं म्हणाली. ओट्यावर तळवा टेकवून उभी राहिली. ओटा बरोबर तिच्या कमरेला आला. मग नजर फिरवत त्या कोपऱ्यापाशी आली. तिनं बद्रीनाथकडं बघितलं नाही. नुसतं म्हणाली, "माझी खाट इथंच टाका, कोपऱ्यात. स्वयंपाक करताना माणसं डोळ्यांसमोर ऱ्हातील."

खाट टाकली. सतरंजी खालपर्यंत लोंबत होती, फरशी झाकली गेली. अंगणात येऊन बद्रीनाथ माझ्या कानाशी म्हणाला, "देवानं राखलं बघ, गोकुळ. नेमकी तीच जागा मागितली."

मी म्हणालो, "व्हय."

सतरा दिवस ती त्या खाटेवर होती. बद्रीनाथ रोज वास्तूचं काढायचा. गुरुजींनी अमुक तारीख काढलीय, मांडव पुढं घालू, अमक्याला बोलावू. ती सगळं ऐकायची आणि अधूनमधून दुरुस्तीही सुचवायची.

"पोळ्या कोण लाटणार?"

"बाया सांगू की दोन."

"त्यांना आधी जेवू घाला. पंगती उठेपर्यंत लाटणाऱ्या उपाशी ऱ्हातात. कुणाच्या ध्यानातच येत न्हाई."

"बरं."

"आणि मला पाटावर फार वेळ बसवणार न्हाई. गुरुजींना म्हणावं, आटपतं घ्या."

तो तिच्या या बोलण्यानं खुलायचा. तेवढा वेळ त्याचा चेहरा बरा दिसायचा, आणि तेवढ्यासाठीच ती बोलायची, हे खोलीत फक्त मला माहीत होतं. पातेल्यात चहा उकळत असायचा आणि मी तिथं बसून त्या तारखा ऐकत असायचो.

अठराव्या दिवशी सकाळी ती गेली. वास्तूला नेसायची म्हणून घेतलेली हिरवी साडी पिशवीतून काढली, घडी मोडली आणि तीच नेसवली.

कीर्तनातल्या कथेत अशा वेळी देव येतो. कुणाचं जातं ओढतो, कुणाच्या घरी पाणी भरतो. त्या सतरा दिवसांत मी फार वाट बघितली. नाही आला. किंवा आला असेल आणि मला ओळखता आला नसेल. याच्यावर मी अजून आपल्या कीर्तनकार बुवांशी बोललेलो नाही.

दिवस झाल्यावर शिवराज म्हणाला, "बापू, तुम्ही एकटे इथं राहू नका." घर भाड्यानं द्यायचं ठरलं. पुन्हा रंग दिला. सोनिया नावाच्या शिक्षिकेला घर पसंत पडलं. ओटा फार खाली आहे, कंबर धरेल, तेवढा उंच करून द्या म्हणाली. रास्तच होतं तिचं. कडूबा आला. बद्रीनाथनं त्याला अडवलं नाही. आतून छिन्नीचे घाव ऐकू येत होते, आणि आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो होतो.

"एक बरं झालं, गोकुळ," तो म्हणाला. "तिला शेवटपर्यंत कळलं न्हाई. पाटावर बसायची आस धरून गेली. तेवढं तरी मला जमलं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. सांगावं वाटलं की अरे, ती तुझ्यापेक्षा जास्त जपत होती; सगळं कळून तुझ्यापुढं आस दाखवत होती. सांगावं वाटलं की चूक तुझी नाही, शब्द माझा होता. पण गळ्याला हात लावलेला होता मी. आणि ते सांगितलं असतं तर पुण्याच्या गाडीत तो काय घेऊन बसला असता?

"व्हय," मी म्हणालो, "जमलं तुला."

कधी मधी त्याचा फोन येतो. बोलतो नातवाचं, पुण्याच्या पाण्याचं. बोलता बोलता एकदा तरी म्हणतोच, तिला कळलं नाही ते बरं झालं. मी दर वेळी हो म्हणतो.

तेव्हा माझं मागणं एवढंच. बद्रीनाथ कधी इथं आला, तुमच्याशेजारी बसला, तर यातलं अक्षर त्याच्यापाशी काढू नका. आणि आज गजर सुरू झाला की पहिल्या टाळाला आवडाबाईला आठवा. तिचं नाव मनातल्या मनात घ्या, पण पुरतं घ्या.