जपून ठेवलेला शब्दकोश

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, आणि मला जपणाऱ्या माणसांचा मला संताप येतो. मित्रांनो, दचकू नका. माझी कहाणी ऐकलीत तर तुम्हालाही येईल.

मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. दत्ताराम नावाच्या तरुण कारकुनाने मला विकत घेतले. रत्नागिरीला बंदराच्या कचेरीत तो नवा होता. साहेबांपुढे पत्र वाचताना बोटींच्या धक्क्याचा इंग्रजी शब्द 'quay' तो 'क्वे' असा वाचून गेला आणि सगळी कचेरी खदखदून हसली. त्या शब्दाचा उच्चार 'की' होतो, चावीला म्हणतात तसाच, हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते. हसणारे तरी कुठे आईच्या पोटातून शिकून आले होते?

त्या दिवसापासून दत्ताराम जाणकारांना विचारून माझ्या समासात पेन्सिलीने उच्चार लिहू लागला. सैन्यातला 'कर्नल' आणि बीमधला गर, दोन्ही इंग्रजी शब्द कानाला एकच. समुद्रात तरंगणारा बोया म्हणजे 'बॉय', मुलाला म्हणतात तसाच. सैन्याची तुकडी ती 'कोअर', आणि 'कॉर्प्स' म्हणजे प्रेत. इथे चुकलात तर जिवंत शिपायांना तिरडीवर चढवाल! तीस वर्षे त्याने मला झिजवले. पाने काळवंडली, पाठ उसवली. इतका सुखी मी पुन्हा कधी झालो नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने मला पालीजवळच्या आपल्या गावच्या शाळेला दिले.

"आमच्या पोरांना कुणी हसायला नको," एवढेच तो म्हणाला.

तिथल्या दीपक सरांनी मला नवे कव्हर घातले, शिक्का मारला आणि कपाटात कुलूपबंद केले. वर्षातून एकदा तपासणीला साहेब आले की मला टेबलावर मांडायचे, साहेबांनी "छान" म्हणायचे, आणि मी परत आत. पान कोणी उलटले नाही. मग मागच्या फळीतून वाळवी आली. ती मात्र रोज आली.

यंदा आठवीतली आम्रपाली जिल्ह्याच्या इंग्रजी वाचन स्पर्धेसाठी निवडली गेली. उतारा बंदरावरचा होता. घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर मुंबईला, म्हणून तिने मला मागितले.

"हात लावशील तर खबरदार!" सर खेकसले. "फाटलं तर तुझा बाप येणार आहे का शिवायला?"

ती मुकाट्याने परत गेली. रत्नागिरीच्या सभागृहात ती 'क्वे' म्हणाली, आणि सगळे सभागृह हसले.

ते कळताच दुसऱ्या दिवशी म्हातारा दत्ताराम तिला घेऊन शाळेत आला.

"सर, कपाट उघडा."

"उघडतो की! बघा कसा जपलाय, काका. कव्हरवर एक ओरखडा नाही."

आम्रपालीने मला उघडले. कव्हराच्या आत माती होती. तीस वर्षांची पेन्सिलीची अक्षरे वाळवीने फस्त केली होती. दत्तारामने मूठभर माती सरांच्या टेबलावर ओतली.

"माझ्या पोरांच्या तोंडातला घास होता ह्यो. तुम्ही वाळवीला घातलात."

"काका, नवीन आणू. काचेचं कपाटपण करू..."

"कपाट नको, सर," आम्रपाली म्हणाली. "वर्गात ठेवा. फाटला तर फाटूंदे."



मित्रांनो, मी आता रद्दीत जाण्याच्याही लायकीचा उरलो नाही. तुमच्या शाळेत असे कपाट असेल तर उद्याच उघडायला लावा. कोणी रागावले तर रागावू द्या. पुस्तकांवर डाग पाडा, त्यांचे कोपरे दुमडा, पण त्यांना वाचा. ती पोर सभागृहात मान खाली घालून उभी होती, तेव्हा मी कपाटात सुखरूप पडलो होतो. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.