डिकीतले केसपेपर

माझा दादा डॉक्टर आहे आणि त्याच्या दवाखान्याचं बिलिंग एकवीस वर्षं मी सांभाळते. उत्पन्न वाढावं म्हणून त्याने या काळात तीन सॉफ्टवेअर बदलली, दोनदा खुर्च्या बदलल्या आणि एकदा भिंतींचा रंग. सवय मात्र बदलली नाही. पेशंटसमोर लिहीत बसणं त्याला कारकुनी वाटतं. म्हणून केसपेपर सहीसाठी ‘घरी निवांत बघतो’ म्हणत घेऊन जातो. तो निवांतपणा त्याला आजवर लाभलेला नाही.

सहीशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही आणि साठ दिवस उलटले की सही असली तरी देत नाही. हे मी त्याला तोंडी सांगितलं, वहिनीकरवी कळवलं, शेवटी जेवणाच्या डब्यात चिठ्ठी ठेवली. डबा रिकामा परत आला, चिठ्ठी तशीच.

यंदा त्याने सल्लागार आणला. सल्लागार चार दिवस माझ्या शेजारी बसून माझ्याच थर्मासमधला चहा प्यायला आणि सोमवारी दुपारी त्याने अहवाल दिला. दहातले चार क्लेम परत येतात. कारण : काउंटरचा निष्काळजीपणा. उपाय : काम बाहेरच्या कंपनीला द्यावं, काउंटर बंद करावं.

काउंटर म्हणजे मी.

“अगं, मनाला लावून घेऊ नकोस,” दादा म्हणाला. “तुलाही आता आराम हवाच की.”

“हा आकड्यांचा निर्णय आहे, मॅडम,” सल्लागार म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा. दादा, गाडीची किल्ली दे.”

“कशाला?”

“आराम करायला.”

डिकीत बॅडमिंटनच्या पिशवीखाली गठ्ठे होते. दोन खेपा करून मी ते त्याच्या टेबलावर आपटले. एकशे बारा केसपेपर, त्यातल्या सत्तरांची मुदत गेलेली. सल्लागाराने वरचा कागद उचलला. त्यावर बुटाचा ठसा होता.

“हे माझ्या पाहणीत आलं नव्हतं,” तो म्हणाला.

“कसं येईल? तिथे चहा मिळत नाही.”

“बरं बाई, करतो सह्या,” दादा म्हणाला. “तू मागची तारीख टाक, विषय संपला.”

माझं डोकंच फिरलं. “तुझ्या सहीपायी क्लेम अडला की लोक माझ्या अंगावर येतात. ती प्लास्टरवाली बाई तीनदा जिना चढली, मी तीनदा तिची माफी मागितली. आता खोटी तारीखही मीच टाकू? लाव फोन विमा कंपनीला. उशीर का झाला, ते तूच सांग.”

सल्लागारासमोर नाही म्हणवेना, म्हणून त्याने फोन लावला. स्पीकर मी चालू केला. सात मिनिटं नुसतं संगीत.

“माणसाला असं ताटकळत ठेवतात?” तो चिडून म्हणाला. बाहेर अकरा पेशंट बसले होते.

शेवटी एक मुलगी बोलली. तिने क्लेमचे नंबर घेतले आणि विचारलं, “उशिराचं कारण, सर?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

“आमच्या काउंटरकडून राहून गेलं.”

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. फोन हिसकावून घेतला.

“काउंटर बोलतेय. कागद डॉक्टरांच्या गाडीच्या डिकीत पडले होते. लिहून घ्या.”

“डिकी आमच्या यादीत नाही, मॅडम. ‘डॉक्टरांची दिरंगाई’ आहे. तेच टाकू?”

“यादीत आहे?”

“पहिलंच आहे.”

“टाका.”

मुदत संपलेले सत्तर बुडाले. उरलेले बेचाळीस संध्याकाळपर्यंत पाठवा, असं सांगून तिने फोन ठेवला.

“परक्या माणसांसमोर माझी अब्रू काढलीस,” दादा म्हणाला.

“आणि माझी तू कुणासमोर काढलीस?”

अहवालातला ‘काउंटरचा’ शब्द मी खोडला आणि पेन त्याच्यापुढे धरलं. मग त्याने ‘डॉक्टरचा’ असं लिहिलं. अक्षर वाचता येत होतं, म्हणजे शुद्धीवर होता.

“मग मी सुचवलेल्या उपायाचं काय?” सल्लागाराने विचारलं.

“बदला. डॉक्टर बाहेरून मागवता येतो का, बघा.”

सल्लागार बॅग उचलून गेला. मी बेचाळीस कागद दादापुढे सरकवले, पेशंटची खुर्ची ओढली आणि शेवटची सही होईपर्यंत उठले नाही.