सचिवबाईंचं ‘बघते’

सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या, की समजावं सचिवपदाचा विषय निघाला.

वाचकहो, अशा सभेला तुम्हीही बसला असाल. अध्यक्षपद म्हटलं की खुर्च्या सरकतात, घसे साफ होतात. आणि ज्या पदात किल्ल्या, पत्रं आणि लोकांची बोलणी असतात ते पद निघालं, की प्रत्येकाला मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडतं!

ही संस्था कोचेसची. मैदानावरचे कोच नव्हेत. नोकरीत अडकलेल्या, धंद्यात गोंधळलेल्या माणसांसमोर बसून प्रश्न विचारणारे. सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं, आणि समोरच्याला त्याचं उत्तर सापडू द्यायचं, हा त्यांचा धर्म. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘स्वयंसेवी नेतृत्वाची सुवर्णसंधी’. मजकूर उपाध्यक्षांचा. ज्या कामाला कोणी हात लावत नाही, त्याला आपल्याकडे संधी म्हणायची पद्धत आहे.

“तुम्हीच का घेत नाही यंदा?” अध्यक्षांनी उपाध्यक्षांना विचारलं.

“बघतो,” उपाध्यक्ष हसून म्हणाले.

अध्यक्ष समजले. सगळेच समजले. “मग सचिवबाईंशी कोण बोलतंय?”

“ते माझ्यावर सोडा,” उपाध्यक्ष म्हणाले आणि सभा सुटली.

सचिवबाई म्हणजे इतकी वर्षं सचिवपद ओढत आलेल्या बाई. त्यांचं नाव आता कोणी घेत नसे. त्या दिवशी त्या सभेला आल्या नव्हत्या. त्या का आल्या नाहीत, हे कोणी विचारलं नाही. प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या माणसांपैकी एकानेही नाही!

दुसऱ्या दिवशी उपाध्यक्षांकडे त्यांची थोरली बहीण जेवायला आली होती. अक्का फौजदारी वकील. जेवण झालं, अक्का स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. उपाध्यक्षांनी टेबलावर फोन ठेवला, स्पीकर चालू केला आणि सचिवबाईंना लावला.

“बोला सर... बाबा, उठू नका हं, आलेच मी... हां, बोला.”

“पुढच्या वर्षी स्वतःला कुठे बघायला आवडेल तुम्हाला?”

“सर, यंदा जरा... बाबा पडल्यापासून घरातून हलताच येत नाही. माझे क्लायंटही सुटले बरेच.”

“हं. आणि एवढं सगळं असूनही तुम्हाला उभं ठेवणारी गोष्ट कोणती?”

“म्हणजे... संस्था, असं म्हणता येईल.”

“त्याच गोष्टीपासून लांब गेलात, तर कसं वाटेल?”

पलीकडे शांतता. शांततेला घाबरू नका, ती माणसाला उत्तराकडे नेते, असं उपाध्यक्ष नवख्यांना शिकवत. तेही बोलले नाहीत. पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली, काहीतरी सांडल्याचा आवाज आला.

“बघते, सर.”

“वा! निर्णय तुमचा आहे हं. पूर्णपणे तुमचा.”

फोन ठेवून त्यांनी टाळी वाजवली. “झालं! पद भरलं. बघितलंस अक्का? एकदाही ‘घ्या’ म्हणालो नाही. प्रश्न, नुसते प्रश्न!”

अक्का हात पुसत बाहेर आली. “बंड्या, हे प्रश्न मी कोर्टात विचारले असते ना, तर समोरचा वकील ताडकन उठला असता. सूचक प्रश्न म्हणतात याला. उत्तर तूच तिच्या तोंडात कोंबलंस आणि तूच बाहेर काढलंस.”

“काहीतरीच! ती स्वतः हो म्हणाली.”

“कधी?”

“आत्ता, तुझ्यादेखत!”

“‘बघते’ म्हणाली.”

“तेच ते.”

“असं? आणि काल सभेत तुला विचारलं, तेव्हा तू काय म्हणालास? आल्या आल्या मोठ्या कौतुकाने सांगत होतास मला.”

“मी... बघतो म्हणालो.”

“मग झालास का सचिव?”

उपाध्यक्ष हसायला गेले. हसू अर्ध्यात अडकलं.

“तुझं ‘बघतो’ म्हणजे नाही, आणि तिचं ‘बघते’ म्हणजे हो! हे व्याकरण कुठल्या शाळेत शिकलास रे?”

“अगं, पण कोणीतरी करायलाच हवं ना!”

“त्या ‘कोणीतरी’चा बाप अंथरुणाला खिळलाय. मला नळाखाली भांडी विसळताना ऐकू आलं. तुझ्या हाताशी फोन होता. आणि तुझा तर धंदाच ऐकण्याचा!”

उपाध्यक्षांचे कान तापले. त्यांनाही ऐकू आलं होतं. हीच तर लाज होती! बाबा, खोकला, सुटलेले क्लायंट, सगळं ऐकू आलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी पुढचा प्रश्न टाकला होता. आता एकेक आठवायला लागलं. आत वर्ग चालायचा आणि सचिवबाई दाराशी बसून बिल्ले वाटायच्या. सगळे पुढच्या परीक्षा देऊन वर गेले, बाईंचे शिकायचे तास कधी भरलेच नाहीत. दर वर्षी उपाध्यक्ष व्यासपीठावरून म्हणायचे, “बाई म्हणजे आपल्या संस्थेचा कणा!” कणा! एकदा माणसाला कणा म्हटलं, की त्याच्यावर हवं तेवढं ओझं लादायला मोकळे!

“मी आत्ता माफी मागतो तिची,” ते फोनकडे वळले.

“थांब. नुसती माफी मागशील, ती ‘असू दे सर’ म्हणेल, आणि तुझं मन सांभाळायचं कामही तिच्याच गळ्यात. आधी ओझं उचल. मग तोंड उघड.”

उपाध्यक्षांनी संस्थेच्या ग्रुपवर लिहिलं, ‘सचिवपदाचं काम आजपासून मी करणार.’ अंगठे, फुलं, टाळ्या यांचा पाऊस पडला. बाईंना इतक्या वर्षांत यातलं एक फूल मिळालं नव्हतं. ती दाद बघून त्यांना आणखीच कानकोंडं झालं.

त्यांनी फोन लावला. बाईंनी मेसेज वाचला होता.

“सर,” त्यांचा आवाज बारीक झाला होता, “माझं काही चुकलं का?”

उपाध्यक्षांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं! ओझं उतरवलं तर या बाईला शिक्षा झाल्यासारखं वाटावं, इतकं वाकवलं होतं त्यांनी तिला.

“नाही. माझं चुकलं. तुम्ही नाही म्हणत होतात, मला ते ऐकू येत होतं. मी सोयीचं तेवढं घेतलं.”

पलीकडून आवाज आला, आता बारीक नव्हे.

“ऐकू येत होतं तर इतकी वर्षं काय करत होतात?”

उपाध्यक्षांनी सबब शोधायचं नाटक केलं नाही.

“किल्ल्या उद्या कोणालातरी घ्यायला पाठवा,” बाई म्हणाल्या.

“मी स्वतः येतो.”

“या. आता ठेवते, बाबांना भरवायचंय.” आणि ‘सर’ काही बोलायच्या आत बाईंनी फोन ठेवला. असं त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं.

नागरिकहो, ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्याकडून काढलेल्या होकाराला सेवा म्हणू नका. ती वेठ आहे, मग ती कितीही गोड प्रश्न विचारून घेतलेली असो! तुमच्या संस्थेत, तुमच्या कचेरीत, तुमच्या घरातसुद्धा अशी एक बाई आहे. तिचं कौतुक पुरे झालं. उठा, आणि तिच्या हातातलं काम आपल्या हातात घ्या!