सकूराच्या अंजिराचे वाटे

"अजून एकतीस घरं राहिली," बेलाईद म्हणाला आणि हाताला लागलेला अंजिराचा चीक त्याने दोरीवरच्या टॉवेलाला पुसला. टॉवेल सकूरावहिनीचा होता. अंगण तिचं, झाडही तिचंच. बेलाईद आमच्या गावसभेचा प्रमुख. दुसऱ्याच्या वस्तूला हात पुसायची सवय त्याला पदाबरोबर लागली की आधीपासूनच होती, ते मला सांगता यायचं नाही.

मी पालथ्या घमेल्यावर बसून यादीत खुणा करत होतो. बत्तीस वर्षं पोस्टमन होतो, म्हणून गावात यादी निघाली की ती माझ्याच हातात येते. बेलाईदचे दोन पुतणे करवती घेऊन झाडावर चढले होते. डोळा कुठे, पेर कुठे, काही न बघता ते ओरबाडत होते. आता एकच जाड फांदी उरली होती, मधली.

"ती नको," सकूरावहिनी म्हणाली. "उघड्या घरांना पुरेल एवढं निघालंय. राहिलेली एकतीस घरं फ्रान्सला जाऊन बसलीत. दाराला कुलपं. कुलपाला काय मुळं फुटणारेत?"

"तिमेश्रेतचा नियम आहे, वहिनी. वाटा घराचा असतो, माणसाचा नाही."

तिमेश्रेत म्हणजे आमच्या डोंगरातला मोठा अभिमान. सगळं गाव मिळून बैल घेतं, कापतं, मांसाचे सारखे ढीग मांडतं आणि यादीतून एकेका घराचं नाव पुकारून ज्याचा त्याला देतं. श्रीमंताला जेवढा, तेवढाच गरिबाला. चांगली रीत आहे, खोटं कशाला बोलू? पण बैल मेलेला असतो, त्याचे कितीही वाटे करा. जिवंत झाडाचे चौऱ्याऐंशी सारखे वाटे करायचं डोकं फक्त आमच्याच गावाचं. लावायला घराला चार काड्या, एक कमी नाही की एक जास्त नाही. करवत मधल्या फांदीवर चालली. वहिनीने आत जाऊन सगळ्यांसाठी कॉफी ठेवली. ती कॉफीही आम्ही प्यायलो.

या झाडाला नाव नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक अंजिराला नाव असतं, कुळ असतं, कोणाच्या पणजोबाने कुठून आणलं याची कहाणी असते. हे सकूरावहिनीच्या मोरीपाशी आपोआप उगवलं होतं. हिरव्या सालीवर काळसर रेघा, आत लाल गर. गावातल्या जाणत्यांनी एक-एक खाऊन बघितलं आणि सांगितलं, हे कुठलंच नाही. त्यातून त्याला नराची गरज नव्हती. आम्ही जूनमध्ये रानटी नर-अंजिरांच्या माळा झाडांवर टांगतो, तेव्हा कुठे फळ धरतं. हे माळेशिवायच लगडायचं. मग काय, गावाला विषयच मिळाला. नवऱ्याशिवाय फळणारं झाड, विधवेच्या दारात शोभतं, असं पारावर बसलेले म्हणायचे आणि हसायचे. मीही हसलोय.

वहिनीचंही तसंच, कुळाचा पत्ता नाही. फ्रेंचांशी लढाई चालली त्या वर्षांत ती इस्पितळाच्या पायरीवर सापडली, टोपलीत. तिथेच वाढली, तिथेच चादरी धूत तीस वर्षं काढली. आमच्यातला एक बिजवर तिला करून गावात घेऊन आला. एकोणीस वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ नाही. तेव्हापासून यादीतून तिचं घर गेलं. तिचा वाटा दिराच्या घरात धरतात, आणि दीर त्यातलं हाड-चरबी पिशवीत घालून पाठवतो. एकदा मीच ती पिशवी पोचवली होती. तिला वास येत होता. वहिनीने ती माझ्यासमोर घेतली, उपकार झाले म्हणाली, आणि मी वळल्यावर मांजरांना टाकली.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आग आली आणि तीन दिवसांत डोंगराचा कोळसा करून गेली. नाववाली, कुळवाली सगळी अंजिरं गेली. मोरीच्या ओलीने हे एक वाचलं. त्या हिवाळ्यापासून गावातल्या बायका मागच्या दाराने काड्या मागायला येऊ लागल्या. ती कोणाला नाही म्हणाली नाही. पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या, डोळ्याच्या खाली तिरपी कापा, चीक सुकू द्या, मग कलती पुरा आणि टोकाचे दोन डोळे वर ठेवा, असं प्रत्येकीला सांगायची. ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायची. बायका ओढणीखाली लपवून न्यायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला आमच्याकडून शिकावी.

काड्या जगल्या, हे बघितल्यावर गावसभेला जाग आली. हे झाड आता गावाचं, असं ठरलं. तिला सांगायला बेलाईद मला घेऊन गेला.

ती म्हणाली, "न्या की. मी कधी अडवलंय? छाटणीचे दिवसच आहेत. फक्त वाटे पुकाराल तेव्हा माझ्या दाराचं नाव घ्या. सकूराचं दार. दिराच्या मागून नको. एकदा ऐकू दे मला, बस."

"अल्लाची मर्जी," बेलाईद म्हणाला. आमच्यात नाही म्हणायचं असलं की तेच म्हणतात, पण तिला ते होकारासारखं ऐकू आलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती मान हलवल्याची मला आज शिसारी येते.

मी यादी केली तेव्हा तिचं नाव पंच्याऐंशीवं लिहिलं होतं. बेलाईदने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्यावर रेघ ओढली.

"एका बाईचं दार यादीत मांडलं की उद्या गावातली प्रत्येक विधवा दार मांडेल," तो म्हणाला. "आणि हिचं तर बापाचंही नाव नाही. कोणाच्या कुळात घालणार?"

"झाड तिचं आहे, बेलाईद."

"झाडालाही नाव नाहीच की. आता देऊ आपण. माझ्या आजोबांचं देऊ."

मी मूग गिळून बसलो. का, ते विचारू नका. त्याच महिन्यात माझ्या मुलाच्या घराची परवानगी त्याच्या सहीसाठी अडली होती. हे कारण आहे, आणि ते सांगतानाही तोंड कडू होतं.

शुक्रवारी नमाजानंतर चौकात नेच्याच्या पानांवर चौऱ्याऐंशी ढीग मांडले. पुरुष खाली, बायका वरच्या बांधावर. वहिनीने लग्नातला झगा घातला होता, पिवळा, लाल पट्ट्यांचा, कमरेचा पट्टा नीट बांधलेला. चादरी धुऊन फाटलेल्या हातांना मेंदी लावली होती. ते हात मला खालून दिसत होते, न बघायचं ठरवलं तरी.

मी वाचायला लागलो. एकेक घर पुढे यायचं, वाटा उचलायचं. कोणी म्हणालं काड्या बारीक आहेत, कोणी म्हणालं याच्यात तीनच चांगल्या आहेत. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. कुलपवाल्यांची नावंही मी खणखणीत वाचली, वीस-वीस वर्षं गावात पाऊल न टाकलेल्यांची. चौऱ्याऐंशी झालं. खाली रेघ मारलेलं नाव होतं. ते वाचता येत होतं, चांगलं स्पष्ट. कोणी माझं तोंड धरलं नव्हतं. वाचलं असतं तर फार तर बेलाईद चिडला असता.

मी कागदाची घडी घातली. बांधावर बायकांची कुजबुज झाली. वहिनी जरा वेळ उभी राहिली, अजून एक नाव राहिलंय असं वाटून, आणि मग सावकाश घराच्या वाटेला लागली.

मी आमचा वाटा घेऊन घरी आलो. माझी बायको जूहेर बांधावर होतीच.

"बाहेर ठेव ते," ती म्हणाली. "चोरीचं मांस शिजवत नाही मी, आणि चोरीचं झाडही लावत नाही." दुसऱ्या दिवशी त्या चार काड्या तिने वहिनीला नेऊन दिल्या. माझ्याशी ती आठवडाभर बोलली नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

कुलपबंद घरांचे वाटे त्यांच्या दारांना बांधायचं काम माझ्याकडेच आलं. टपाल टाकायची सवय होतीच. सातव्या-आठव्या दिवशी त्या बाजूने गेलो, तर एकाही दाराला काडी नव्हती. मला वाटलं शेळ्यांनी खाल्लं.

एप्रिलमध्ये वहिनीचा निरोप आला, रंग आणि ब्रश घेऊन ये म्हणून. मी घाबरतच गेलो. अंगणात झाडाच्या जागी गुडघ्याएवढा खुंट होता, कापलेल्या जागा काळ्या पडलेल्या, त्यावर माश्या. आणि भिंतीला लागून तेलाचे, टोमॅटोचे, दुधाच्या पावडरचे रिकामे डबे ओळीने लावलेले. प्रत्येक डब्यात चार काड्या, काडीच्या टोकाला एक-दोन कोवळी पानं.

"दारांना वाळत होत्या," ती म्हणाली. "ज्याचा वाटा त्याला मिळायला हवा. उन्हाळ्यात मंडळी सुट्टीला येतील, नेतील. मला वाचता येत नाही. पहिला डबा कुठल्या दाराचा, दुसरा कुठल्या, ते मी ओळीने लक्षात ठेवलंय. मी सांगते, तू लिही."

ती सांगत गेली, मी उकिडवा बसून लिहीत गेलो. एकतीस नावं. एकही चुकलं नाही. ज्यांनी कधी तिच्या सलामाला उत्तर दिलं नव्हतं त्यांचीही सांगितली, घराण्यासकट.

शेवटी बत्तिसावा डबा राहिला. त्यातल्या काड्या सगळ्यात जोमदार होत्या. तो कोणाचा, हे मी विचारलं नाही. मनात आलं, झालं, आता तरी सुटलो. ब्रश नीट बुडवून मी मोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहिलं, दोन महिने घशात अडकलेलं.

"काय लिहिलंस?" तिने विचारलं.

"तुझं नाव, वहिनी. सकूराचं दार."

तिने डब्याकडे बघितलं, अक्षरांवरून नुसती नजर फिरवली.

"माझं कशाला? तो तुमचा आहे. जूहेरने परत आणून दिला होता. भली बाई आहे, पण वाटा परत करू नये, घराला बरं नसतं. तुझं लिही."

रंग अजून ओला होता. मी खिशातून रुमाल काढला, तिचं नाव पुसलं, आणि तिथे माझं लिहिलं.